स्विच खरेदीत वापरकर्ते आणि सर्व्हर वेगळे धरा

संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत नेटवर्क स्विच, म्हणजे केबलींनी संगणक एकमेकांना जोडणारी पेटी, कसा निवडावा यावर आलेला लेख वाचला. वर्तमानपत्रात हा विषय सहसा येत नाही, त्यामुळे लेखकाचे आधी आभार. पण त्यातलं एक विधान खटकलं: पोर्टांची (केबल घालायच्या भोकांची) संख्या आणि वेग जुळला की स्विच कार्यालयाच्या मजल्यावर लावा किंवा सर्व्हरच्या रॅकमध्ये, फरक पडत नाही. नेमक्या याच समजुतीपायी निविदेला दोन्ही कामांसाठी एकच तांत्रिक पत्रक जोडलं जातं, सगळे डबे एकाच मॉडेलचे येतात, आणि पुढे केव्हातरी गाडं अडतं. नेटवर्क उभारणं आणि बिघडलेलं सावरणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ही समजूत कुठून आली असावी याचा अंदाज करता येतो. १९९० च्या सुमारास कल्पना नावाच्या कंपनीने इथरनेट या केबलने संगणक जोडायच्या पद्धतीचा स्विच बाजारात आणला तेव्हा त्याला सातच पोर्ट होते. त्या काळी सर्व्हर म्हणजे जरा दणकट पीसी. तोही त्याच जाळ्यात आणि टेबलावरचे संगणकही त्याच जाळ्यात. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली, स्विच सर्रास वापरात आले, आणि पुढे या दोन टोकांच्या गरजा एकमेकींपासून इतक्या लांब गेल्या की आता बऱ्याचदा आतली चिपसुद्धा वेगळ्या घराण्याची असते. बाहेरून मात्र दोन्हीकडे तीच चपटी पत्र्याची पेटी आणि समोर ४८ भोकं. फसगत तिथेच होते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: वापरकर्त्यांसाठी स्विच निवडताना पोर्टापलीकडच्या माणसावर संशय धरायचा असतो, आणि सर्व्हरसाठी निवडताना खुद्द त्या स्विचवर. एकीकडे भीती असते की पोर्टात कोण काय खुपसेल. दुसरीकडे भीती असते की हा डबाच मेला तर काय.

आधी मजल्यावरचा स्विच घेऊ. त्याचं पोर्ट म्हणजे रस्त्यावर उघडणारं दार. भिंतीतल्या सॉकेटमध्ये आज लॅपटॉप, उद्या प्रिंटर, परवा कुणी घरून आणलेला राउटर. टेबल हलवताना सुटलेली पॅच कॉर्ड दिसली की एखादा भला माणूस तिचं मोकळं टोक शेजारच्या मोकळ्या सॉकेटमध्ये घालून टाकतो. त्याला वाटतं आपण नीटनेटकं केलं. प्रत्यक्षात त्याने लूप, म्हणजे केबलींचं बंद वर्तुळ, लावलेला असतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला, म्हणजे आयपी पॅकेटला, आयुष्याची मर्यादा असते. प्रत्येक राउटर ती एकेकाने कमी करतो आणि शून्य झाली की पॅकेट फेकून देतो. स्विच हाताळतो त्या तुकड्याला, म्हणजे इथरनेटच्या फ्रेमला, अशी मर्यादाच नाही. सगळ्यांना उद्देशून सोडलेली ब्रॉडकास्ट फ्रेम एकदा लूपमध्ये शिरली की फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती निघतात, आणि पाहता पाहता सगळा मजला ठप्प होतो. स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकताना दिसले की आम्ही काही न विचारता केबली शोधायला लागतो.

यावरचा उतारा जुना आहे. डीईसी कंपनीत असताना रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्रीची पद्धत शोधली आणि १९९० मध्ये ती आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१डी मानकात आली. स्विच एकमेकांना छोटे निरोप पाठवतात, जाळ्यातली वर्तुळं ओळखतात आणि जादा दुवा बंद ठेवतात. पण मूळ पद्धतीत नवं पोर्ट सुरू झालं की १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात. लॅपटॉप जोडणाऱ्याला हा अर्धा मिनिट परवडत नाही. जाळ्यातला पत्ता मागणारी त्याची विनंती तेवढ्यात थकते आणि तो १६९.२५४ ने सुरू होणारा निरुपयोगी पत्ता स्वतःच घेऊन बसतो. म्हणून वापरकर्त्यांच्या पोर्टवर ही वाट पाहणं बंद करतात, आणि त्याच्या जोडीला एक पहारा बसवतात: या पोर्टवर दुसऱ्या स्विचचा किंवा स्वतःचाच परत आलेला निरोप दिसला तर पोर्ट तत्काळ बंद. वर सांगितलेल्या भल्या माणसाची कॉर्ड इथे पकडली जाते.

तरी एक फट उरते. टेबलाखाली कुणी स्वस्तातला पाच पोर्टांचा स्विच ठेवला असेल आणि लूप त्या पिटुकल्या डब्यातच लागला असेल, तर काही वेळा तो डबा स्पॅनिंग ट्रीचे निरोपच गिळून टाकतो. पहारेकऱ्याला काही दिसत नाही आणि फ्रेमचं वादळ मात्र वर चढतं. तिथे पोर्टावर ब्रॉडकास्टची कमाल मर्यादा घातलेली असली तरच बचाव होतो. मजल्यावरचा स्विच घेताना विचारावं ते हे. त्याची क्षमता किती टेराबिट आहे हा आकडा पत्रकावर झोकदार दिसतो खरा, पण इथे त्याला फारसा अर्थ नाही.

घरून आणलेल्या राउटरचाही वेगळा उपद्रव आहे. त्याचं लॅनचं, म्हणजे आतल्या जाळ्याचं, पोर्ट भिंतीत घातलं की तो मजल्यावरच्या सगळ्यांना आपल्या पदरचे पत्ते वाटू लागतो. ज्याला ते मिळाले त्याचं काम थांबलं. यासाठी डीएचसीपी (पत्ते वाटायची पद्धत) स्नूपिंग असतं: पत्ते वाटण्याचा अधिकार फक्त अपलिंककडून, म्हणजे वरच्या स्विचला जोडणाऱ्या दुव्याकडून, येणाऱ्या उत्तरांना, वापरकर्त्यांच्या पोर्टवरून कुणी वाटायला लागला तर त्याचं उत्तर टाकून द्यायचं. शिवाय एका पोर्टवर एक-दोनच मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाची जाळ्यातली ओळख) चालू द्यायचे, आणि शक्य तिथे ८०२.१एक्सने आधी ओळख पटवायची. ते मानक २००१ चं, पण जुने प्रिंटर आणि कॅमेरे त्याला आजही दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी अपवादांची यादी ठेवावी लागते, आणि ती वाढतच जाते.

आता हाच सगळा बंदोबस्त उचलून सर्व्हरच्या रॅकमध्ये नेला तर काय होतं ते पाहा. एका संस्थेत सुरक्षेच्या तपासणीनंतर मजल्यावरच्या स्विचचं कॉन्फिग टेम्प्लेट, म्हणजे सेटिंगांचा साचा, जसंच्या तसं सर्व्हरच्या स्विचवर चढवलं होतं. तपासणीच्या कागदावर सगळे चौकोन भरले. मला बोलावलं तेव्हा तक्रार अशी होती की कुणालाच पत्ता मिळत नाही. मिळणार कसा? पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर त्या रॅकमध्येच होता, आणि त्याच्या पोर्टला 'परका' ठरवून स्विच त्याचं प्रत्येक उत्तर इमानेइतबारे टाकून देत होता. ज्यांच्याकडे जुने पत्ते होते त्यांचं काम चालू होतं, मुदत संपेल तसा एकेक जण पडत होता, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी दोष वाय-फायला दिला.

मॅक पत्त्यांच्या मर्यादेचंही तसंच. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणं, आल्यापासून सर्व्हरच्या एका पोर्टमागे कित्येक आभासी यंत्रं असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा मॅक पत्ता. दोनची मर्यादा घातली तर तिसरं यंत्र सुरू होताच स्विच पोर्ट बंद करणार, आणि त्यामागची सगळी यंत्रं एकदम जाणार. शिवाय ही यंत्रं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चालती-बोलती हलवली जातात. आत्ता या पोर्टवर दिसणारा मॅक पत्ता पुढच्या क्षणी त्या पोर्टवर. मजल्यावर असं घडलं तर ती लबाडी किंवा लूप; इथे तो रोजचा कारभार. एकाच घटनेचा अर्थ दोन ठिकाणी इतका उलटा आहे, मग नियम एक कसा चालेल?

विजेकडे आपल्या लेखात दुर्लक्ष झालं आहे. मजल्यावरचा स्विच हल्ली वीजपुरवठा केंद्रही असतो. फोन, कॅमेरे, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट सगळे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात एका पोर्टमागे १५.४ वॉट होते, २००९ मध्ये ३० झाले, २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये ९० पर्यंत गेले. पत्रकात '४८ पोर्ट, प्रत्येकी ३० वॉट' असं लिहिलेलं असतं. गुणाकार केला तर १,४४० वॉट होतात, आणि पुष्कळ स्विचचा एकूण विजेचा हिशेब ७४० वॉटचाच असतो, म्हणजे ४८ पोर्टांना १५.४ च्या दराने जेमतेम पुरेल एवढा. नवे ॲक्सेस पॉइंट आणि फिरते कॅमेरे जोडत गेलं की एका टप्प्यावर पुढचं उपकरण पेटतच नाही आणि लोक केबल बदलत बसतात. काही स्विच स्वतः रीबूट होत असताना पोर्टांची वीज चालू ठेवतात. कॅमेरे असतील तर ही सोय जरूर मागावी. सर्व्हरला या सगळ्याचा काडीचा उपयोग नाही. त्याच्याकडे स्वतःचे दोन पॉवर सप्लाय असतात. तरीही रॅकमध्ये असे स्विच लावलेले मी पाहते, कारण पत्रक एकच.

आता सर्व्हरची बाजू. इथे खोलीला कुलूप आहे, केबल ओढणारे हात ठरलेले आहेत, काय कुठे जोडायचं याचा कागद आहे. संशय उपकरणावर. मजल्यावरचा स्विच गेला तर ४८ माणसं थांबतात. कपाटात सुटा स्विच ठेवलेला असेल तर तासाभरात काम सुरू होतं, आणि त्या तासात कुणाचं आभाळ कोसळत नाही. त्या माणसांना सॉकेटही एकच असतं, त्यामुळे दुहेरी व्यवस्था करायची म्हटली तरी कशाला करणार? रॅकमधला स्विच गेला तर त्यावर विसंबलेली सगळी संस्था थांबते. म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या दोन केबली दोन वेगळ्या स्विचमध्ये जातात, आणि ते दोन स्विच मिळून सर्व्हरला एकच असल्यासारखे दिसतात.

इथे निविदांमधला एक लाडका शब्द आडवा येतो: 'स्टॅकेबल'. मजल्यावर स्टॅक छान. पाच स्विच एकमेकांना जोडले की एकच पत्ता, एकच कॉन्फिग, एकाच जागेवरून कारभार. पण स्टॅकमध्ये मेंदूही एकच चालतो. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला किंवा नवी आवृत्ती चढवायची झाली तर बहुतेक वेळा आख्खा स्टॅक एकदम रीबूट होतो. सर्व्हरच्या दोन केबली एकाच स्टॅकच्या दोन डब्यांत घातल्या तर डबा जळण्यापासून संरक्षण मिळालं, मेंदू बिघडण्यापासून नाही. आणि पूर्ण डबा जळण्यापेक्षा सॉफ्टवेअर अडखळणं कितीतरी जास्त वेळा घडतं. त्यामुळे सर्व्हरसाठी दोन स्वतंत्र मेंदूंचे स्विच हवेत, जे फक्त आपसात ताळमेळ ठेवतात. मग एकाला खाली घेऊन अपग्रेड करता येतं, सर्व्हर दुसऱ्यावर चालू राहतात, मग दुसऱ्याची पाळी. एरवी होतं काय, तर अपग्रेडसाठी सगळं बंद ठेवायची परवानगी कुणी देत नाही, वर्षानुवर्षं जुनंच सॉफ्टवेअर चालतं, आणि सुरक्षेची छिद्रं तशीच राहतात.

दोन केबली लावल्या म्हणजे काम झालं असंही समजू नये. दुवा तुटला की दिवा विझतो, ते सोपं प्रकरण. पण कधी कधी दिवा जळत राहतो आणि पलीकडे कुणी ऐकतच नसतं. हे ओळखण्यासाठी एलएसीपीचे (अनेक केबली मिळून एकच दुवा करण्याच्या पद्धतीचे) निरोप दोन्ही टोकांनी एकमेकांना पाठवायचे असतात. संथ पद्धतीत दर ३० सेकंदांनी एक निरोप जातो आणि ९० सेकंद काही आलं नाही तर दुवा मेला असं धरतात. जलद पद्धतीत हाच निकाल ३ सेकंदांत लागतो. दीड मिनिट डेटाबेसचा अर्धा संवाद काळ्या विहिरीत जाणं म्हणजे काय, हे ज्याने रात्री फोन घेतलेत त्याला विचारा. आणि काम ताब्यात घेताना एका स्विचची वीज खरोखर काढून दाखवा असा आग्रह धरावा. दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये गेलेला सर्व्हर तेव्हाच सापडतो. ठेकेदारांना ही चाचणी आवडत नाही.

वाहतुकीचा स्वभावही वेगळा. माणसं थांबून थांबून काम करतात: पान उघडलं, वाचलं, टाइप केलं. एक गिगाबिटची ४८ पोर्टं दोन १० गिगाबिटच्या अपलिंकवर आणली, म्हणजे ४८ ला २०, तरी कुणाला काही जाणवत नाही. याहून पुष्कळ ताणलेली गुणोत्तरंसुद्धा मजल्यावर निभावून जातात. सर्व्हर मात्र बॅकअप आणि प्रतींच्या वेळी सगळे एकदम बोलतात, आणि बाहेरच्या जगापेक्षा आपसात जास्त बोलतात. २५ गिगाबिटची ४८ पोर्टं म्हणजे १,२०० गिगाबिट. वर १०० गिगाबिटचे सहा अपलिंक दिले तरी गुणोत्तर दोनास एक. स्पॅनिंग ट्रीने यातले अर्धे दुवे बंद ठेवावेत ही चैन इथे परवडत नाही. म्हणून डेटा सेंटरमध्ये रॅकचा प्रत्येक स्विच वरच्या सगळ्या स्विचना जोडून सर्व वाटा एकाच वेळी वापरतात. या रचनेचं गणित चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं होतं.

सर्व्हरच्या वाहतुकीत एक खोड अशी आहे की ती आलेखात दिसत नाही. एक सर्व्हर चाळीस जणांना एकदम प्रश्न विचारतो आणि चाळीसही उत्तरं एकाच क्षणी एकाच पोर्टकडे धावतात. स्विचचा बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायची जागा, भरतो, काही पॅकेट पडतात. लिनक्समध्ये टीसीपी, म्हणजे डेटा पोचल्याची खात्री करणारी पद्धत, पडलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याआधी साधारणपणे किमान २०० मिलिसेकंद थांबतं, म्हणून एका मिलिसेकंदात होणारं काम दोनशे घेतं. देखरेखीच्या पडद्यावर पाच मिनिटांची सरासरी असते आणि ती म्हणते, पोर्ट दहा टक्केच वापरात आहे. मग नेटवर्कवाले म्हणतात आमचं ठीक, डेटाबेसवाले म्हणतात आमचंही ठीक. बफर किती, तो पोर्टांमध्ये कसा वाटला जातो, आणि पडलेल्या पॅकेटांची मोजणी पोर्टागणिक मिळते का, हे प्रश्न सर्व्हरच्या पत्रकात पहिल्या पानावर हवेत. नुसता भला मोठा बफर मागणं हाही उपाय नाही. पॅकेट रांगेत तुंबून उशीर वाढतो.

हवेच्या दिशेचं तर कुणी नावच घेत नाही. सर्व्हर पुढून थंड हवा घेतात आणि मागून गरम सोडतात. त्यांची पोर्टं मागे असतात, म्हणून स्विचही मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. पोर्टांच्या बाजूने हवा ओढणारा स्विच तिथे लावला तर तो सर्व्हरची गरम हवाच पितो आणि वर्षभर धापा टाकतो. चांगल्या डेटा सेंटर स्विचमध्ये पंखे कोणत्या दिशेचे हवेत ते मागवताना सांगता येतं. उलट हे स्विच माणसं बसतात तिथे लावले तर पंख्यांच्या आवाजाने शेजारच्याला फोनवर बोलता येणार नाही. तिथे बिनपंख्याचा किंवा मंद पंख्याचाच हवा. पोर्टावर वाहतूक नसताना वीज वाचवणारी २०१० ची ८०२.३एझेड ही सोय मजल्यावर जरूर चालू ठेवावी. सर्व्हरकडे जागं व्हायला लागणारा अल्पसा वेळही नको असतो, म्हणून तिथे ती बंद करतात.

वीसेक माणसं आणि दोन सर्व्हर असलेल्या कार्यालयाने वेगळे डबे घ्यावेत असा माझा आग्रह नाही. एकच चांगला स्विच पुरतो, फक्त त्यावर दोन प्रकारची पोर्टं ठरवून, दोन रंगांच्या केबली लावून, दोन टेम्प्लेटं ठेवावीत. पण जिथे सर्व्हरची वेगळी खोली आहे तिथे निविदेला दोन पत्रकं जोडावीत, आणि ती एकाच माणसाने एका बैठकीत नक्कल करून लिहिलेली नसावीत. मजल्याच्या पत्रकात लूपपासून बचाव, ओळख पटवणं, विजेचा एकूण हिशेब आणि आवाज यांना वजन द्यावं. सर्व्हरच्या पत्रकात स्वतंत्र मेंदू, चालू असताना बदलता येणारे पॉवर सप्लाय आणि पंखे, हवेची दिशा, बफर, आणि अपग्रेड करताना काय बंद पडेल याचं लेखी उत्तर.

आपल्या लेखासोबतच्या तक्त्यात पोर्ट, वेग, क्षमता आणि हमी असे चार रकाने होते. पुढच्या वेळी तो तक्ता छापाल तेव्हा विजेचा एकूण वॉटचा आकडा आणि हवेची दिशा हे आणखी दोन रकाने घालावेत, आणि मजल्यावरचे व रॅकमधले स्विच एकाच यादीत उतरत्या क्रमाने लावू नयेत, ही विनंती.

आपली,
एक नेटवर्क अभियंता